तुटवडा झाकू नकोस

प्रिय डॉक्टर,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र सावकाश वाचलं. तुझ्या प्राथमिक आरोग्य केंद्रात दुसऱ्या वैद्यकीय अधिकाऱ्याची जागा रिकामी, एक आरोग्य सेविका कागदावर तुझ्याकडे पण प्रत्यक्षात तालुक्याच्या कार्यालयात, कंत्राटी लॅब टेक्निशियनचा पगार थकलेला, १०२ ची रुग्णवाहिका टायरअभावी उभी. आणि एवढं सगळं असताना परवाच्या आढावा बैठकीत तुलाच उभं करून विचारलं, तुमच्या केंद्रातल्या प्रसूती का घटल्या? शेवटी तू लिहिलंयस, "मी इथे डॉक्टर आहे की कारकून तेच कळेनासं झालंय. हे आम्हाला कुणी शिकवलंच नव्हतं."

शिकवत नाहीत, हे खरंच आहे. तीस हजार लोकसंख्येला एक प्राथमिक आरोग्य केंद्र, डोंगरी-आदिवासी भागात वीस हजारांना. पाच हजारांना एक उपकेंद्र, डोंगरात तीन हजारांना, एवढं परीक्षेसाठी पाठ करून घेतात. त्या केंद्राला पैसा कुठून येतो, कोणत्या महिन्यात येतो, माणूस कोण नेमतो आणि कोण उचलून नेतो, यावर कधी प्रश्न येत नाही. नोकरीच्या पहिल्या आठवड्यात मात्र हेच प्रश्न समोर उभे राहतात. त्यामुळे पत्र लांबणार आहे. ओपीडी आटोपल्यावर निवांत वाच.

मुख्य गोष्ट आधी सांगते. तुटवडा झाकू नकोस. आपल्या सेवेत चांगल्या माणसांच्या हातून सर्वांत जास्त घडणारी गोष्ट हीच आहे. औषध संपलं की डॉक्टर स्वतःच्या पैशाने मागवतो. गाडी बंद पडली की स्वतःच्या गाडीत पेशंट घालून ग्रामीण रुग्णालय गाठतो. सिस्टर एकटी असली तर ती चोवीस तास उभी राहते. गावाचं त्या दिवशी भलं होतं, आणि महिनाअखेरीच्या अहवालात सगळे रकाने भरलेले दिसतात. वर बसलेला माणूस तुझं केंद्र बघत नाही, अहवाल बघतो. अहवाल म्हणतो, इथे काही कमी नाही.

मी तालुका आरोग्य अधिकारी असताना माझ्याकडच्या एका उपकेंद्रात दोन आरोग्य सेविकांची पदं होती. एक पद कित्येक वर्षं रिकामं. दुसरीवर असलेली बाई दोघींचं काम करायची: लसीकरणाची सत्रं, बाळंतपणं, गृहभेटी, पावसाळ्यात पाण्याचे नमुने, टीसीएलची (ब्लीचिंग पावडरची) तपासणी, सगळं. तिची रजिस्टरं तालुक्यात सर्वांत नेटकी. रिकाम्या पदाचा विषय मी जिल्ह्याच्या बैठकीत काढला तेव्हा उत्तर आलं, "मॅडम, तिथलं काम तर शंभर टक्के होतंय. जिथे होत नाही तिथे आधी माणूस देऊ." त्या उत्तरात दुष्टपणा नव्हता. दहा ठिकाणी जागा रिकाम्या आणि हाताशी दोन माणसं असली, की कुठलाही अधिकारी जिथून ओरड येते तिकडेच माणूस पाठवतो. पण त्या बाईच्या कष्टांचं फळ काय, तर तिला सोबतीण कधी मिळालीच नाही. बदली माणूस नाही म्हणून तिच्या रजा नामंजूर व्हायच्या. ती निवृत्त झाली आणि त्या महिन्यात तिच्याखालच्या पाड्यांवर लसीकरणाचं एकही सत्र झालं नाही. तेव्हा कुठे दोन्ही पदं भरण्याची धावपळ सुरू झाली.

मग काम अडवून धरायचं का, असं तू विचारशील. मुळीच नाही. रात्री दोन वाजता आलेली बाळंतीण रिक्त पदांचा तक्ता बघायला आलेली नसते. तिचं करायचंच, जे हाताशी आहे त्यात करायचं आणि जिवापाड करायचं. पण सकाळी आंघोळ करून टेबलाशी बसलीस की रात्री काय नव्हतं ते लिहून काढायचं. दोन्ही कामं डॉक्टरचीच आहेत. त्यातलं दुसरं काम कारकुनाचं समजून आपण सोडून देतो, म्हणून पहिलं वर्षानुवर्षं जड होत जातं.

लिहायचं कसं, हे नीट शिकून घे. "कर्मचारी अपुरे असल्याने अडचण होत आहे, तरी योग्य ती कार्यवाही व्हावी" असं पत्र नस्तीत, म्हणजे फाइलीत, जातं आणि तिथेच राहतं. त्याऐवजी असं लिही: मंजूर पदं इतकी, भरलेली इतकी, अमुक आदेशाने अमुक तारखेपासून प्रतिनियुक्तीवर (पद इथे ठेवून कामाला दुसरीकडे) गेलेली इतकी. त्यामुळे गेल्या महिन्यात प्रशिक्षित माणूस नसलेल्या रात्री इतक्या. त्या रात्रींत पुढे पाठवाव्या लागलेल्या बाळंतिणी इतक्या, त्यातल्या वाटेत बाळंत झालेल्या इतक्या. आणि मागणी एकच ठेव: प्रतिनियुक्ती रद्द करून सिस्टर मूळ जागी द्यावी. एका पत्रात पाच मागण्या घातल्यास की पाचही मागे पडतात. पत्र तालुका आरोग्य अधिकाऱ्यांमार्फत पाठव, डोक्यावरून उडी मारू नकोस. तुझ्या प्रतीवर आवक क्रमांक आणि शिक्का घे. महिन्याने स्मरणपत्र, त्यात पहिल्या पत्राचा जावक क्रमांक. हे रुक्ष वाटेल, पण शासनाची स्मरणशक्ती आवक-जावक नोंदवहीत असते. जे त्या वहीत नाही ते शासनाला माहीतच नव्हतं असं धरलं जातं.

त्याची किंमत किती मोठी असते ते आपण पाहिलंय. ९ जानेवारी २०२१ च्या पहाटे भंडाऱ्याच्या जिल्हा सामान्य रुग्णालयात नवजात बालकांच्या कक्षाला आग लागली आणि १० बाळं गेली. मग चौकशी झाली, निलंबनं झाली, राज्यभर रुग्णालयांच्या आगप्रतिबंधक तपासणीचे आदेश निघाले. २०२३ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरच्या सांध्यावर नांदेडच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात २४ तासांत २४ मृत्यू झाले, त्यांत १२ नवजात होते. औषधांचा तुटवडा, रिक्त जागा, खाटांपेक्षा जास्त रुग्ण, हे सगळं त्या आठवड्यात वर्तमानपत्रांत आलं. पण लोकांच्या लक्षात काय राहिलं? एका खासदारांनी अधिष्ठात्यांना शौचालय साफ करायला लावलं, ते दृश्य. सफाई कामगारांची पदं किती मंजूर होती आणि किती भरलेली होती, हा प्रश्न त्या दृश्यामागे दडून गेला. मला त्या प्रसंगाचा आजही राग येतो. व्यवस्थेची वर्षानुवर्षांची उणीव एका माणसाच्या अंगावर टाकायची आणि कॅमेरा बंद झाला की उणीव तशीच ठेवायची, असं आपल्याकडे फार सहज होतं. अपघात होण्याच्या आधी तुझा कागद वर पोचलेला असावा. तुझ्या बचावासाठीही तो उपयोगी पडेल, पण त्याचं खरं काम अपघात टाळणं हे आहे.

आता पैसा. पैसा कमी आहे, यात शंका नाही. २०१७ च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात लिहिलं होतं की २०२५ पर्यंत सरकारी आरोग्यखर्च देशाच्या सकल उत्पादनाच्या २.५ टक्के व्हावा, आणि राज्यांनी २०२० पर्यंत आपल्या अर्थसंकल्पाचे ८ टक्क्यांहून जास्त आरोग्याला द्यावेत. राष्ट्रीय आरोग्य लेख्यांप्रमाणे २०२१-२२ मध्ये, कोविडचा खर्च धरूनसुद्धा, सरकारी खर्च १.८४ टक्के होता, आणि देशाच्या एकूण आरोग्यखर्चातले ३९.४ टक्के लोकांनी आपल्या खिशातून भरले होते. आपलं राज्य देशातल्या श्रीमंत राज्यांपैकी, पण त्या ८ टक्क्यांपासून ते पुष्कळ खाली राहिलंय. हे आकडे लक्षात ठेव. कुणी म्हणालं की सरकारी दवाखान्यांत पैसा ओतून उपयोग नाही, तर पैसा अजून नीट ओतलेलाच नाही, हे तुला ठामपणे सांगता आलं पाहिजे.

पण तुझ्या टेबलाशी पैशाचं दुखणं वेगळ्या रूपात येतं. तो येतो चुकीच्या महिन्यात आणि चुकीच्या लेखाशीर्षाखाली, म्हणजे भलत्याच खर्चासाठी. राज्याचा अर्थसंकल्प मार्चमध्ये मंजूर होतो, अनुदान टप्प्याटप्प्याने सुटतं, कोषागारातून जिल्हा परिषदेकडे, तिथून पुढे. राष्ट्रीय आरोग्य अभियानाचा पैसा वेगळ्या वाटेने येतो: ६० टक्के केंद्र सरकारचा, ४० टक्के राज्याचा, आणि मागच्या हप्त्याचं उपयोगिता प्रमाणपत्र (पैसा खर्च झाल्याचा दाखला) गेल्याशिवाय पुढचा हप्ता हलत नाही. एका आरोग्य केंद्राने खर्चाचा अहवाल उशिरा दिला की तालुक्याचा अडतो, तालुक्यामुळे जिल्ह्याचा. मग फेब्रुवारीत एकदम रक्कम खात्यावर पडते आणि "३१ मार्चच्या आत खर्च करा, नाहीतर परत जाईल" असा फोन येतो. अशा घाईत न लागणारी वस्तू घेतली जाते. तुझ्या स्टोअरमध्ये बघ, खोक्यातून बाहेर न निघालेलं एखादं यंत्र नक्की सापडेल. ते चालवणारा माणूस मंजूर झाला नसेल किंवा त्याला लागणारा वीजदाब तुझ्या इमारतीत नसेल.

यावर तुझ्या हातात एक उपाय आहे. ऑगस्ट-सप्टेंबरमध्येच यादी तयार ठेव. छताची गळती, सोलरची बॅटरी, प्रसूतिगृहातला ऑटोक्लेव्ह (निर्जंतुकीकरणाचं यंत्र), कर्मचारी निवासाच्या दाराच्या कड्या. प्रत्येकीसमोर अंदाजे खर्च, आणि कोणत्या शीर्षातून होऊ शकेल ते. इमारतीची मोठी दुरुस्ती जिल्हा नियोजन समितीच्या निधीतून होऊ शकते, किरकोळ दुरुस्ती केंद्राच्या स्वतःच्या रुग्ण कल्याण समितीच्या पैशातून, काही गोष्टी पंधराव्या वित्त आयोगाच्या अनुदानातून झाल्या. अभियानाचा पुढच्या वर्षाचा आराखडा हिवाळ्यात जिल्ह्याकडून मागवतात तेव्हा तुझी यादी तयार असली पाहिजे. फेब्रुवारीत पैसा आला की बाकीचे काय घ्यावं म्हणून शोधत असतात, तेव्हा तुझं अंदाजपत्रक टेबलावर असेल. मी ज्या केंद्रांची कामं भराभर होताना पाहिली तिथे वशिला क्वचित होता. तयार कागद मात्र हटकून होता.

रुग्ण कल्याण समितीचं खातं फार जपून वापर. अभियानाच्या सुरुवातीच्या काळात ठरलेलं गणित होतं: केंद्राला वर्षाला समितीसाठी १ लाख, देखभालीसाठी ५० हजार, गरजेप्रमाणे वापरायचा अबंधित निधी २५ हजार. त्या रकमेची आजची किंमत किती, हे तू रोज बाजारात बघतेस. त्यात १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत सगळी सेवा मोफत झाली, केसपेपरसुद्धा. हा निर्णय मला मनापासून पटला. काही रुपयांच्या केसपेपरसाठी दारातून परत फिरलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. पण मोफत केलं की गर्दी वाढणार आणि दवाखान्यात जमणारी किरकोळ रक्कम थांबणार, हे उघड होतं. तेवढी भरपाई वेळेवर आणि पुरेशी मिळाली पाहिजे, असं मागायचा तुला हक्क आहे, आणि तो मागताना तू मोफत सेवेच्या विरोधात आहेस असं कुणाला वाटू देऊ नकोस. ओपीडीचे दोन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी ठेव आणि त्याखाली साबण, फिनेल, कापूस, डिझेल यांचा खर्च लिही. तेवढं पुरतं.

माणसांबद्दल मला सर्वांत जास्त लिहायचं आहे, कारण यंत्राशिवाय केंद्र चालतं, माणसाशिवाय नाही. प्रतिनियुक्ती हा आपल्या खात्यातला जुना रोग. पद तुझ्याकडे, पगार तुझ्याकडून, माणूस दुसरीकडे. रिक्त पदांच्या तक्त्यात ती जागा भरलेली दिसते, म्हणून तिथे नवं माणूस येण्याचा प्रश्नच उरत नाही. मासिक अहवालात "कार्यरत" आणि "प्रत्यक्ष हजर" असे दोन वेगळे रकाने करून पाठवायला लाग. कुणी हरकत घेत नाही, कारण ती खरी माहिती असते, आणि बैठकीत तो रकाना वाचला की लपवायला जागा राहत नाही.

कंत्राटी माणसांशी वागताना विशेष काळजी घे. तुझ्या केंद्रात एकाच टेबलाच्या दोन बाजूंना बसणाऱ्या दोन सिस्टर असतील. एकीला वेतन आयोग, दुसरीला अकरा महिन्यांचा आदेश, मध्ये एक दिवसाचा खंड आणि पुन्हा अकरा महिने. काम तेच, रात्रपाळी तीच, सुई टोचण्याचा धोका तोच. अभियान २००५ साली सुरू झालं, तेव्हापासून असंच चालवलेल्या माणसांचं अर्धं आयुष्य त्यात गेलं. ती संपावर गेली की गावात बोललं जातं, पेशंटला वाऱ्यावर सोडलं. तू तसं बोलू नकोस. तुझ्या लॅब टेक्निशियनचा पगार कुठे अडकलाय ते जिल्हा लेखा व्यवस्थापकाला फोन करून विचार: हजेरी वेळेवर गेली का, आदेशाचं नूतनीकरण झालं का, निधीच आला नाही का? तिन्हींचे उपाय वेगळे आहेत. हजेरीचा कागद तुझ्याच कार्यालयातून दोन दिवस उशिरा जात असेल, तर तो २५ तारखेला गेलाच पाहिजे असा नियम कर. पगार वर अडला असेल तर निदान तुझ्यामुळे अडलेला नाही हे त्याला दिसू दे. एवढ्यावर माणसं टिकतात, हे मी अनुभवाने सांगते.

उपकेंद्रातले समुदाय आरोग्य अधिकारी, पाड्यांवर फिरणाऱ्या भरारी पथकातले आयुर्वेदाचे डॉक्टर, अंशकालीन स्त्री परिचर यांनाही मासिक सभेत बसायला खुर्ची दे आणि बोलायला वेळ दे. स्त्री परिचर सभेच्या वेळी चहा करत असते, म्हणून तिला काय माहीत आहे ते कुणाला कळत नाही. कोणत्या पाड्यावर कोण गरोदर आहे आणि कोणाच्या घरी दवाखान्यात यायला सासू अडवते, हे तिला तुझ्या रजिस्टरच्या आधी कळलेलं असतं.

आणि आशा, गावातली आपली आरोग्य कार्यकर्ती. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी गावातल्या बायकांना शिकवून घरातच नवजात बाळांची काळजी घेण्याचा जो प्रयोग केला, तो १९९९ साली लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला आणि पुढे देशभर आशांच्या गृहभेटींच्या रूपात उतरला. जगाने वाखाणलेलं ते काम आज तुझी आशा दीड महिन्यात सहा-सात भेटी देऊन करते, आणि त्या सगळ्या भेटींचे तिला एका बाळामागे २५० रुपये मिळतात. २०२४ मध्ये राज्याने आशांच्या मानधनात महिन्याला ५ हजारांची वाढ केली, तीही त्या आझाद मैदानावर ठाण मांडून बसल्यावर. तिची देयकं तुझ्या सहीने पुढे जातात. तिच्या दाव्यातला एखादा रकाना अपुरा आहे म्हणून अख्खं देयक परत पाठवू नकोस. तिला बोलाव, समोर बसवून पुरा करून घे. आशेचे पैसे थकले की पहिल्यांदा थांबते ती दूरच्या पाड्यावरची भेट, आणि ते तुला कळतं ते बाळ गेल्यावर.

औषधांचं थोडक्यात. राज्याची औषधखरेदी आधी हाफकिन या सरकारी महामंडळाकडे होती, तिथे ती रखडते म्हणून ओरड झाली, २०२३ मध्ये वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण आलं. खरेदी कोणीही करो, तुझ्याकडचा एक दोष तू आजच दूर करू शकतेस: वापरलेलं औषध ई-औषध या साठ्याच्या संगणक प्रणालीत त्याच दिवशी वजा झालं पाहिजे. फार्मासिस्टची जागा रिकामी असली की नोंद मागे राहते, प्रणालीत साठा भरलेला दिसतो, आणि वरचा माणूस तुझी मागणी कापतो. सर्पदंशावरच्या प्रतिविषाची पहिली मात्राच १० कुप्यांची असते. जूनमध्ये रस्ता वाहून जाण्याआधी एका पेशंटपुरती तरी पूर्ण मात्रा फ्रीजमध्ये आहे का, हे स्वतः उघडून बघ, नोंदवहीवर विसंबू नकोस. गेल्या वर्षी कोणत्या महिन्यात किती विंचूदंश, किती सर्पदंश आले, याचा तक्ता कर. रायगड जिल्ह्यातल्या बिरवाडीच्या सरकारी केंद्रात बसून डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी विंचूदंशाच्या रुग्णांच्या बारीक नोंदी ठेवल्या, म्हणून प्राझोसिन या औषधाचा उपचार पुढे आला. आपली ओपीडीची वही एवढं करू शकते.

पुढे पाठवलेल्या पेशंटचं काय झालं, हे तुला कळत नाही, असं तू लिहिलंस. यात तुझा दोष नाही. तू जिल्हा परिषदेची, ग्रामीण आणि जिल्हा रुग्णालय सिव्हिल सर्जनांच्या अखत्यारीत, आणि वैद्यकीय महाविद्यालय तिसऱ्याच विभागाचं. पेशंट एक आणि तिची घरं तीन. या भिंती तू पाडू शकत नाहीस, पण ग्रामीण रुग्णालयातल्या अधीक्षकांना आणि प्रसूतिकक्षातल्या इन्चार्ज सिस्टरला एकदा जाऊन भेट. पाठवण्याआधी फोन कर, रेफर चिठ्ठीवर दिलेली औषधं आणि वेळ लिही. ओळख झाली की उलट फोन येऊ लागतो.

लोकांना घाबरू नकोस. सरकारी डॉक्टर गावाला शत्रू समजायला लागतो, कारण गावाचा राग त्याच्यावरच निघतो. २००७ पासून आपल्या राज्यातल्या काही जिल्ह्यांत आरोग्यसेवांवर लोकाधारित देखरेख सुरू झाली. गावकऱ्यांनी आपल्याच दवाखान्याचं प्रगतिपुस्तक भरायचं आणि जनसुनवाईत अधिकाऱ्यांसमोर वाचायचं. पहिल्या सुनवाईला आमच्यातले बरेच डॉक्टर चिडून बसले होते, मीही अवघडून बसले होते. पण पुढे आमच्या लक्षात आलं की आम्ही वर्षभर पत्रं लिहून जे मागत होतो, ते एका पाड्यावरच्या बाईने माईकवर विचारलं तर पंधरा दिवसांत हलतं. तिचा प्रश्न आणि आमचा प्रश्न एकच होता. २०२२ पासून आपल्या बहुतेक जिल्हा परिषदांच्या निवडणुका वर्षानुवर्षे लांबल्या आणि कारभार प्रशासकांकडे राहिला, त्या काळात सभागृहात उठून विचारणारा सदस्यच नव्हता. अशा वेळी ग्रामसभा आणि रुग्ण कल्याण समिती या दोनच जागा उरतात. समितीच्या बैठकीत रिक्त पदांचा तक्ता वाचून दाखव आणि इतिवृत्तात घे. दवाखान्याच्या भिंतीवर मंजूर, भरलेली, रिकामी असा फलक लाव. काही वरिष्ठांना ते आवडणार नाही. ती गोपनीय माहिती नाही, एवढंच नम्रपणे सांग आणि फलक ठेव.

तू एकटी राहतेस, म्हणून एक सांगणं. निवासस्थानाचं दार, बाहेरचा दिवा आणि रात्री सोबतीला परिचर, हे आधी करून घे. रात्री एकटीने पाड्यावर जाण्यात शौर्य नाही, सोबत माणूस मागणं हा तुझा अधिकार आहे. आणि रजा घे. तू रजेवर गेलीस की केंद्र बंद पडतं, ही वस्तुस्थिती आहे, आणि वस्तुस्थिती आहे तशी वर कळली पाहिजे. रजेचा अर्ज पंधरा दिवस आधी दे, बदली व्यवस्थेची मागणी त्यातच लिही.

बंधपत्राचं, म्हणजे सक्तीच्या सरकारी सेवेचं, वर्ष संपल्यावर पीजीला जावं की थांबावं, हे तू मला विचारलंस. जायचं असेल तर निर्धास्त जा. राज्याला बालरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ हवेच आहेत, ग्रामीण रुग्णालयांत त्यांच्या जागा वर्षानुवर्षे रिकाम्या असतात. तू परत आलीस तर मला आनंदच आहे. पण जाताना प्रभार देशील तो नुसता चाव्यांचा आणि कॅशबुकचा देऊ नकोस. कोणतं पत्र कोणत्या तारखेला गेलं, कुठे अडलं, कोणाशी बोलणं झालं, कोणत्या कामाचं अंदाजपत्रक तयार आहे, अशी एक नस्ती करून पुढच्या डॉक्टरच्या हातात दे. दर वर्षी नवा बंधपत्रित डॉक्टर येतो आणि सगळं शून्यापासून सुरू होतं, यात आपली कितीतरी वर्षं वाया गेली आहेत.

सध्या दोनच कामं कर. येत्या पंधरवड्यात रुग्ण कल्याण समितीची बैठक बोलाव, टायरचा ठराव पहिला घे आणि गाडी उभी असलेल्या दिवसांत किती बाळंतिणींना खासगी जीप करावी लागली ते त्यात लिही. आणि सिस्टरच्या प्रतिनियुक्तीचं पत्र तयार कर. पाठवण्याआधी मसुदा मला व्हॉट्सॲपवर पाठव, मूळ आदेशाच्या प्रतीसकट. तारखा आणि संदर्भ क्रमांक तपासून त्याच दिवशी परत करते. जिल्ह्यात आस्थापनेचं (नेमणुका-बदल्यांचं) टेबल आता कोणाकडे आहे तेही मी चौकशी करून कळवते.

तुझी,
मॅडम